कवायत सरांचा गुडघा

कवायत सरांच्या मुलीला कवायत येत नव्हती, ही गोष्ट सगळ्या शाळेला ठाऊक होती. ज्यांचं एकही मूल त्या शाळेत नव्हतं त्यांनाही ठाऊक होती, कारण सरांनी ती कधी लपवली नाही आणि सरांचा आवाज मैदानाच्या भिंतीपाशी थांबत नसे. सर ओरडत, "डावा पाय, उजवा हात!" आणि सगळी रांग डावा पाय, उजवा हात पुढे करी. त्यांची मुलगी डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे करी. मुद्दाम नाही. तिचे हातपाय तिला विचारून काही करत नसत. शिवाय डावं पाऊल टेकण्याआधी ती किंचित थांबायची, जिन्याला अजून एक पायरी आहे की नाही अशी शंका आलेल्या माणसासारखी, आणि तेवढ्यात मागची मुलगी तिच्या टाचेवर येऊन आदळायची.

सरांनी तिला घरी शिकवून पाहिलं. बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळातून तिला शिट्टीवर चालवलं. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, "अहो, पोरगी पडत नाहीये ना? मग झालं तर." सरांच्या मते न पडणं हा चालण्याचा फार खालचा दर्जा होता. शेवटी एका सकाळी भर मैदानात त्यांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "तुझं पाऊल चुकतंय. रांगेबाहेर." बाप म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल. शिक्षक म्हणून हायसंही वाटलं असेल. दोन्ही भावना एकाच चेहऱ्यावर आल्यामुळे तिथे काहीच दिसलं नाही.

तेव्हापासून कवायतीच्या तासाला ती पाण्याच्या टाकीखाली उभी राहायची. लाज वाटायची, खूप वाटायची, पण तासभर सलग लाजणंही जमत नाही. उरलेल्या वेळात ती बघायची. रांगेतल्या मुलांना एकमेकांच्या मानगुटी दिसत, हिला पाय दिसले. तिच्या लक्षात आलं की चालताना पोटरी कुणीच पुढे नेत नाही. माणूस मांडी पुढे टाकतो. पोटरी मागे रेंगाळते, मग आपली आपण झोका घेत येते आणि नेमकी वेळेवर पोचते. रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, पोटरीला कोण सांगतं कधी यायचं ते?"

"मी," सर म्हणाले.

या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही, आणि त्यातून तिचा पुढचा धंदा ठरला. ती यंत्रशास्त्र शिकली, मग आणखी शिकली, आणि नात्यातल्या लोकांना ती काय करते हे सांगणं आईनं सोडून दिलं तेव्हा तिला कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत नोकरी लागली. खालच्या मजल्यावर साचे, प्लास्टर, करवती आणि पायांचे ढीग. वरच्या मजल्यावर एक फळा, एक पंखा आणि ती. खालचे लोक तिला लंबकबाई म्हणत. तोंडावर म्हणत, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नसे.

लंबकबाईंचं काम म्हणजे एकाला एक जोडलेल्या लंबकांच्या गतीची समीकरणं काढायची. हे ऐकायला जितकं कंटाळवाणं वाटतं तितकंच ते बघायलाही असतं. एकच दांडी टांगून सोडली तर तिचं समीकरण एका ओळीत मावतं आणि शाळेतली मुलंही ते घोकतात. पण त्या दांडीला खाली दुसरी दांडी जोडली की घरात सून आल्यासारखं होतं. नुसतं एक माणूस वाढत नाही. सासू-सून, नणंद-भावजय, दीर-भावजय अशी नाती वाढतात, आणि प्रत्येक नात्याची एक वेगळी धुसफूस असते. वरची दांडी हलली की खालचीला ओढ बसते, खालची हलली की वरची हिसका खाते, आणि समीकरणात या प्रत्येक ओढाताणीसाठी एक वेगळं पद लिहावं लागतं. तिसरी दांडी जोडली की फळा पुरत नाही. पाय म्हणजे असाच लंबक: मांडी, पोटरी, पाऊल. वर आणखी एक भानगड अशी की हा लंबक ज्या खुंटीला टांगलाय ती खुंटीच चालत असते.

पद्धत तशी सरळ आहे. हालचालीमुळे असलेली ऊर्जा लिहायची, उंचीमुळे असलेली ऊर्जा लिहायची, पहिलीतून दुसरी वजा करायची आणि मग प्रत्येक कोनासाठी तेच ठरलेलं विकलन करत सुटायचं. त्यात अक्कल कमी आणि चिकाटी जास्त लागते. अक्कल लागते ती अगदी सुरुवातीला, कोन कुठून मोजायचे हे ठरवताना. पोटरीचा कोन मांडीपासून मोजता येतो, नाहीतर सरळ खाली जाणाऱ्या लंबरेषेपासून. लंबकबाई नेहमी लंबरेषेपासून मोजायच्या. एकतर त्यानं पदं सुटसुटीत येतात. दुसरं म्हणजे शेजारच्याकडे बघून आपलं माप काढण्याचा त्यांना लहानपणापासून तिटकारा होता. लंबरेषा कुणाच्याही बाजूची नसते.

तर अशा रीतीनं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरांचा डावा पाय गेला.

साखर होतीच. अंगठ्याला जखम झाली, सरांनी ती बुटावर ढकलली, बूट बदलला, जखम बदलली नाही. आधी अंगठा, मग पाऊल आणि मग, डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितल्यावर, गुडघ्याच्या वरपर्यंत. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रस्त्यानं जाताना अजूनही निम्मी माणसं त्यांना बघून पोट आत घ्यायची. रुग्णालयातून त्यांना एक साधा पाय मिळाला. त्याचा गुडघा दाराच्या बिजागरीसारखा होता, धक्का दिला की उघडायचा आणि मनात येईल तेव्हा मिटायचा. सर तो लावून एकदा बोळातून चालले. मग खुर्चीत बसले, पाय काढला आणि दारामागच्या खुंटीला शिट्टीशेजारी टांगला.

"हा पाय लयीत नाही," ते म्हणाले. "लंगडत मी रस्त्यावर जाणार नाही. ज्यांना मी चालायला शिकवलं त्यांच्यासमोर तर नाहीच नाही."

"अहो, रुग्णालयातून व्यायाम करून घ्यायला येते ती व्यायामवाली आली की तिच्याबरोबर तरी चाला. ती बिचारी एका पायावर तयार असते," आई म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

सर खुर्चीत बसले ते बसलेच. बसल्या बसल्या जिन्यावरची पावलं ऐकून कोण येतंय ते सांगायचे. ही सवय जुनीच होती, आता तिला भरपूर वेळ मिळाला. "दूधवाला. टाच घासतो." "वरच्या मजल्यावरची. भांडून आलीय." लेक कामावरून आली की तिनं बेल वाजवायच्या आधी ते आईला म्हणत, "दार उघड, आपली आली." पण तिच्या पावलाविषयी कधी काही बोलत नसत.

एक दिवस व्यायामवालीनं लंबकबाईंना जिन्यात गाठलं. "तुमच्या वडिलांचा खुब्याचा सांधा पुढे वाकायला लागलाय," ती म्हणाली. "दिवसभर खुर्चीत. असंच चाललं तर काही महिन्यांत तो खुर्चीच्याच आकारात बसेल. मग तुम्ही सोन्याचा पाय आणलात तरी उपयोग नाही. उभंच राहता येणार नाही त्यांना."

लंबकबाई घरात गेल्या आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. "बाबा, लयीत चालणारा पाय आणला तर चालाल?"

सरांनी विचार केला. "लयीत असेल तर चालेन," ते म्हणाले. सरांनी दिलेला शब्द फिरत नसे. त्यांचा इतका जाच होता तरी लोक त्यांना मानायचे ते यामुळेच.

लंबकबाईंनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मांडी अर्धी, तिचं वजन वेगळं. पोटरी नळीची, पाऊल रबराचं. चालती खुंटी. हे सगळं घालून समीकरणं काढायची, त्यांवरून कुठल्या क्षणी गुडघ्याला किती आवरायचं आणि किती ढकलायचं ते ठरवायचं, आणि ते गुडघ्यातल्या बारक्या मोटारीला आणि तेलाच्या दट्ट्याला समजेल असं सांगायचं. शेवटचं काम सर्किटवाल्याचं होतं. सर्किटवाला हा एक गोड स्वभावाचा माणूस होता, जो विचारलेलंच आणि तेवढंच करायचा.

कितीदा तरी त्यांचं चिन्ह चुकलं. अधिकचं उणे झालं की कागदावरचा पाय जमिनीतून आरपार जायचा, मग मागे जाऊन ते उणे कुठे शिरलं ते शोधायचं. एका दुपारी सगळी पदं एकमेकांशी जुळली. उजवीकडची बाजू डावीकडच्या बाजूला बरोबर लागली, आणि लंबकबाई खुर्चीवर बसून रडल्या. कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. सर्किटवाला चहा घेऊन आला होता. तो चहा ठेवून गेला.

मग तो परत आला आणि म्हणाला, "मॅडम, यातला दुसरा कोन, तो पोटरीचा ना?"

"पोटरीचा."

"गुडघ्यात एक कोनमापक आहेच. त्याचा आकडा तिथे घालतो."

"घाला," लंबकबाई म्हणाल्या.

गुडघा तयार झाल्यावर त्यांनी तो चाचणीच्या चौकटीला लावला. मांडीचा भाग वरच्या पकडीत सरळ उभा, घट्ट आवळलेला. खाली पोटरी मोकळी. पोटरी ओढून सोडली की ती यायची, हळूच आवरायची आणि नेमकी उभी राहायची. बघताना डोळ्यांचं पारणं फिटावं. नंतर चाचणीकाकांनी तो लावून पाहिला. काका पूर्वी बस चालवायचे आणि पाय गेल्यापासून कार्यशाळेचे सगळे नवे पाय तेच आधी घालून बघायचे. ते छोटी छोटी, घासत जाणारी पावलं टाकत खोलीभर फिरले. "बरा आहे," काका म्हणाले. "जरा उत्साही आहे, पण बरा आहे." त्यांचा अभिप्राय सहसा "बरा आहे" याच्यापुढे जात नसे, म्हणून 'उत्साही' या शब्दाकडे कुणी लक्ष दिलं नाही.

लयीची मापं लंबकबाईंनी आठवणीतून भरली. सरांच्या शिट्टीचा ठेका त्यांच्या हाडांत होता, तो शोधायला कुठे जावं लागलं नाही.

सरांनी पाय लावला तेव्हा आईनं तिपाई बाजूला केली नव्हती. तिचं म्हणणं, मला काय स्वप्न पडलं होतं? सर उभे राहिले, छाती पुढे काढली, नजर समोर. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते आपल्या उंचीचे दिसत होते. मग स्वतःलाच म्हणाले, "चल," आणि कवायतीत उचलतात तशी डावी मांडी छान वर उचलली. नव्या गुडघ्यानं पोटरी अशी काही झाडली की तिपाई भिंतीपर्यंत गेली. तिच्यावरचा पाण्याचा तांब्या त्याच्याही पलीकडे गेला. सर पडले नाहीत, कारण लंबकबाईंनी त्यांना कमरेत धरलं.

"परत," सर म्हणाले.

परत मांडी वर, परत लाथ. या वेळी समोर काही नव्हतं, त्यामुळे नुसताच गुडघ्याचा खटकन आवाज झाला. आई म्हणाली, "फुटबॉलच्या मुलांचा होता का हो हा पाय?" सरांनी तिसऱ्यांदा मांडी उचलली, आणखी वर, दात आवळून, आणि लाथ आणखी मोठी बसली.

मग ते खुर्चीत बसले. लंबकबाईंना वाटलं आता ओरडतील. त्या ओरडा खायला तयार होत्या. तेवढी सवय होती. पण सर खाली त्या पायाकडे बघत राहिले आणि बारीक आवाजात म्हणाले, "पायाचं काही नाही. माझंच पाऊल चुकतंय."

लंबकबाईंनी हे वाक्य आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हा ते त्यांना उद्देशून होतं. या वेळी ते वडिलांच्याच तोंडून, वडिलांबद्दल आलं. लहानपणी कितीदा तरी त्यांनी मनाशी म्हटलं होतं की एक दिवस बाबांचंही पाऊल चुकावं. आता चुकलं होतं आणि त्यांना ते मुळीच नको होतं.

"बाबा, पुन्हा एकदा..."

"नाही. आता या घरात पाय आणायचा नाही," सर म्हणाले. "नेऊन टाक."

दुसऱ्या दिवशी लंबकबाईंनी समीकरणं पुन्हा तपासली. बरोबर होती. चौकटीवर गुडघा पुन्हा लावला. पोटरी ओढली, सोडली. ती शहाण्यासारखी येऊन उभी राहिली. पुन्हा ओढली, पुन्हा शहाण्यासारखी. "चौकटीवर कसं सगळं गुणी असतं," त्या म्हणाल्या. सर्किटवाल्याला वाटलं हे आपल्याला उद्देशून आहे, म्हणून तो म्हणाला, "हो."

त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि कालची घरातली तीन पावलं आठवायला लागल्या. पहिल्यांदा मांडी वर गेली तेव्हा लाथ बसली. तिसऱ्यांदा मांडी त्याहून वर गेली तेव्हा त्याहून मोठी बसली. काका पाय घासत चालतात, मांडी उचलतच नाहीत, तेव्हा पाय नुसताच उत्साही होता. आणि चौकटीवर मांडी पकडीत आवळलेली, सरळ उभी, जागची हलत नाही, तेव्हा लाथ अजिबात नाही. म्हणजे लाथ मांडीच्या कोनाएवढी. मांडीचा कोन शून्य, तर चूक शून्य.

"तुमचा कोनमापक पोटरीचा कोन कुठून मोजतो?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्यातून," सर्किटवाला म्हणाला.

"म्हणजे मांडीपासून."

"गुडघ्यात बसून तो दुसरं कुठून मोजणार, मॅडम? त्याला लंबरेषा कुठे दिसते?"

लंबकबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचं समीकरण लंबरेषेपासून मोजत होतं आणि गुडघा मांडीपासून. मांडी पुढे गेली की गुडघ्याला वाटायचं पोटरी फारच मागे राहिली, आणि तो बिचारा घाबरून तिला ढकलायचा. मांडी जितकी वर, तितका तो घाबरायचा. चौकटीवर मांडी लंबरेषेतच उभी होती, म्हणून दोन्ही मोजमापं एकच निघाली आणि दोघंही खूश राहिले. मांडीचा कल सांगणारा दुसरा मापक गुडघ्याच्या डोक्यावर बसवलेला होताच. त्याचा आकडा पहिल्यात मिळवायचा, एवढंच करायचं होतं. पानंच्या पानं विकलन केलं, त्यात चूक नव्हती. राहिली होती ती एक बेरीज.

"मी विचारायला हवं होतं," सर्किटवाला म्हणाला.

"तुम्ही विचारलंत. मी 'घाला' म्हटलं," लंबकबाई म्हणाल्या. "आपण कुठून मोजतो ते जगाला आपोआप कळतं असं मला वाटलं."

बेरीज घातल्यावर गुडघा चालवून पाहायला हवा होता. काका मांडी उचलणारे नव्हेत, आणि सरांनी तर पायाला घरबंदी केलेली. कार्यशाळेत एक जोडणी होती. धडधाकट माणूस आपला गुडघा मागे दुमडून, पट्ट्यांनी बांधून, त्याखाली यांत्रिक पाय लावू शकायचा. लंबकबाईंनी डावा पाय दुमडला, बांधला आणि कठड्याला धरून चालायला लागल्या. पायाला चालणाऱ्याची लय शिकवावी लागते: झोका किती वेळात पुरा करायचा, टेकण्याआधी किती आवरायचं. शिट्टीच्या ठेक्यावर त्यांना चालता येईना. ते आधीही येत नव्हतं. मग त्यांनी ती मापं पुसली आणि चालत चालत पायाला स्वतःची लय शिकू दिली. सुरुवातीला पडल्या, मग कमी वेळा पडल्या, मग मांडी मुद्दाम उंच उचलून खोलीला वेढे घातले. लाथ नाही. पोटरी येत होती, आवरत होती, टेकत होती. खालचे लोक करवती थांबवून जिन्यात गोळा झाले. चाचणीकाका म्हणाले, "चांगला आहे." हे त्यांनी पूर्वी कुठल्याही पायाला म्हटलेलं नव्हतं.

आता उरला तो घरबंदीचा प्रश्न. लंबकबाईंनी वाटेत बरीच भाषणं तयार केली, आणि घरी पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. पाय पिशवीत होता. बेल वाजवायच्या आधीच आईनं दार उघडलं.

सरांनी पिशवीकडे पाहिलं. "काय सांगितलं होतं?"

"बाबा, चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "तुमचं पाऊल बरोबर होतं. तुम्ही मांडी नीट उचललीत म्हणून माझी चूक दिसली. काका घासत चालले, त्यांना दिसली नाही. तुमचं पाऊल चुकत नव्हतं."

हे बोलताना त्यांचा आवाज फुटला, आणि त्यांनी तो फुटू दिला. मैदानावर त्यांचा एक नियम होता: ज्यानं स्वतःहून चूक कबूल केली त्याला मैदानाला एक फेरी मारायला लावायची आणि मग पुन्हा रांगेत घ्यायचं. तो नियम त्यांनी सगळ्या पोरांना लावला होता. आपल्या पोरीनं तेव्हा मैदानात काही कबूलच केलं नव्हतं, कारण तिथे कबूल करण्यासारखं काही नव्हतं, आणि हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

"आण इकडे," ते म्हणाले.

या वेळी आईनं तिपाई स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तांब्याही नेला. "अहो, मीही तिकडेच उभी राहते," ती म्हणाली.

लंबकबाईंनी पट्टे आवळले. "ही मापं तात्पुरती आहेत. तुम्ही थोडं चाललात की तुमची भरते."

सर उभे राहिले. छाती, नजर, मग मांडी. खुबा आखडला होता, मांडी पूर्वीइतकी वर गेली नाही, पण गेली. पोटरी मागून आली, आवरली, टेकली. उजवा. पुन्हा डावा. सर बोळाच्या टोकापर्यंत गेले, भिंतीला हात लावून वळले आणि परत आले. लाथ नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात आई तोंडाला पदर लावून उभी होती.

सर पुन्हा गेले. या वेळी त्यांनी डोळे मिटले होते आणि मान थोडी कलती केली होती, जिन्यावरची पावलं ऐकताना करायचे तशी. मधेच थांबले.

"हे कुणाचं पाऊल आहे?" त्यांनी विचारलं.

लंबकबाई लगबगीनं पुढे झाल्या. "अजून तुमची लय भरलेली नाही, बाबा. दुसरं कुणी चालून बघणारं नव्हतं, म्हणून मी स्वतः... ते माझं आहे. डावं टेकताना जरा थांबतं, मला माहितीये. आत्ता पुसते, अगदी लगेच होतं, नुसतं..."

"थांब."

सर आणखी एक पाऊल चालले. डावं पाऊल आलं, टेकण्याआधी किंचित थबकलं, आणि मग टेकलं. सरांनी ते पूर्ण टेकेपर्यंत ऐकलं. ज्या पायाला जमीन जाणवत नाही तो टाकताना तेवढं थबकणं त्यांना बरं पडत होतं. अंग सावरायला तेवढीच सवड मिळत होती.

"जिन्यात रोज ऐकतो," ते म्हणाले. "मैदानात पण ऐकलं होतं." मग म्हणाले, "पुसू नकोस."

लंबकबाई खाली बसून, नीट बसलेला पट्टा पुन्हा आवळायला लागल्या.

"अगं, दार उघड," सर आईला म्हणाले. "जरा पाय मोकळे करून येतो."

जिना उतरायला वेळ लागला. रस्त्यावर आल्यावर सरांनी छाती पुढे काढली आणि तोंडातल्या तोंडात ठेका धरला. शेजारी लंबकबाई चालत होत्या, डाव्या पायाबरोबर डावा हात पुढे टाकत. सरांना ते दिसलं. बघून त्यांनी समोर नजर वळवली.

कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं त्यांना पाहून हातातला पाना टाकला आणि सवयीनं पोट आत घेतलं. तोही त्यांचाच विद्यार्थी होता, रांगेत सगळ्यात पुढे असायचा.

"सर, चाललात!" तो म्हणाला. मग जुन्या शिस्तीनं त्यांच्या पायांकडे बघत राहिला. "पण लय थोडी वेगळी वाटते, सर. तुमची ही नव्हती."

"माझ्या मुलीची आहे," सर म्हणाले, आणि पुढे चालू लागले.